हंड्यातली मरळ

हरणाबाई : उन्हाळ्यात आलंय तुमच्या शाळेतल्या आफरीनचं पत्र. आता दिवाळी आली, अजून उत्तर न्हाय. तुमी फोन उचलत न्हाय म्हणून तर पोरीनं लिवलं.

शांतलिंग : फोनवर मला सुचत नाही गं. पण आता लिहितोय. प्रयोग संपला.

हरणाबाई : त्या माशांचा?

शांतलिंग : तिच्या गावच्या तळ्यात तांब्याच्या तारा धुतलेलं पाणी येतं. तरी तिथली मरळ जगते, तेर गावाहून आणून सोडलेली मरते. तिनं विचारलंय, हे रक्तातून येतं का त्या पाण्यात राहून अंगवळणी पडतं? म्हणून तिच्या वडिलांनी, बाबामियाँनी, दोन्हीकडची मरळ चांगल्या पाण्याच्या दोन वेगळ्या विहिरींत ठेवली. पिल्लं तिथंच झाली, ती मला आणून दिली. काल दोन्ही टबांत तळ्याचं पाणी घातलं. तेरची मेली, तळ्याची जगली. म्हणजे रक्तातच आहे.

हरणाबाई : तळ्याची म्हंजी हंड्यातली?

शांतलिंग : कुठल्या हंड्यातली?

हरणाबाई : तुमी सोलापूरला लेकीकडं, निकिताकडं होता तवा. टब गळाया लागला, मग म्या ती पिल्लं तांब्याच्या हंड्यात ठिवली. परवा नवा टब आणला.

शांतलिंग : अगं, महिनाभर तांब्यात?

हरणाबाई : आपुन न्हाय का तांब्यातलं पीत? चांगलं असतंय म्हणून ठिवली. आपल्या लिंगायताच्या घरात मासं, त्यात आनि देवाचा हंडा दिला. वर बोलणी खायची.

शांतलिंग : बोलत नाही गं. पण आता रक्त म्हणावं का हंडा? का दोन्ही? का विहिरींच्या पाण्यातच फरक होता? मला काहीच कळेना. राहू दे पत्र.

हरणाबाई : पर तिला हे कळून करायचं काय?

शांतलिंग : बाबामियाँ म्हणतात, हीच चिवट मरळ वाढवायची. घरातही तीच शिजते. परवा सांगत होते, सुनेला दिवस गेलेत.

हरणाबाई : जगतीय म्हंजी खायला चांगली असंल की.

शांतलिंग : तसं नसतं. मरत नाही तो मासाच धातू अंगात साठवून बसलेला असू शकतो.

हरणाबाई : हे नक्की?

शांतलिंग : एवढं नक्की.

हरणाबाई : मग हेच लिवा की.

शांतलिंग : जन्मात मासा खाल्ला नाही मी. त्यांना खाऊ नका म्हणू? त्यांचं पोट आहे त्यावर. आणि चुकलो तर?

हरणाबाई : त्या पोरीच्या पोटातल्याचं काय मग?

शांतलिंग : पेन दे.

हरणाबाई : काय लिवलं, वाचा.

शांतलिंग : ‘चि. आफरीन, उशीर झाला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं नाही. आमच्याकडून प्रयोग बिघडला. पण मासा जगतो म्हणून तो खाण्याजोगा समजू नका. प्रयोगशाळेत तपासून येईपर्यंत घरात शिजवू नका, विकूही नका. वहिनीला आजच सांग.’ सापडलं नाही, हे खोडू का?

हरणाबाई : राहू द्या. चपला घाला.

(कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी.)

हरणाबाई : टाकलं?

शांतलिंग : टाकलं. ‘विकू नका’ जरा जास्तच झालं का?

हरणाबाई : हात काढा आधी पेटीतनं.