पदर राहू दे

मी, बालकिशन रामनिवास मुंदडा, वय ७८ वर्षे, शिक्षण चौथी, धंदा पूर्वी कापड दुकान, आता घरीच, रा. मस्तगड, जालना. मला ठाण्यात बोलावून विचारले, म्हणून समक्ष हजर राहून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी, मुलगा नमन व सून एकता असे राहत होतो. माझी पत्नी भगवतीदेवी वारली आहे. आमच्या घरात सून सासऱ्यासमोर तोंडावर पदर घेते व त्याच्याशी बोलत नाही. एकता लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. चहा उंबऱ्यात ठेवून बांगडी वाजवायची, मी उचलायचो. आमच्यात वाद नव्हता. मीही तिला कधी नावाने हाक मारली नाही.

दिवाळीनंतर एकता स्वयंपाकघरात पडली. डोक्यात रक्तस्राव झाला होता. खासगी दवाखान्यात ऑपरेशन झाले. नंतर ती डोळे उघडायची, पण कोणाकडे बघायची नाही. डॉक्टर "हात दाबा, डोळे मिटा" म्हणायचे, ती काही करायची नाही. नाकातल्या नळीने दूध देत होते. हिला काही समजत नाही, आता फरक पडणे अवघड आहे, असे डॉक्टरांनी सांगितले.

नमन दुकानात असताना दुपारी मी जाऊन बसायचो. मी आत गेलो की तिचा उजवा हात चादरीवरून मानेकडे सरकायचा आणि तिथे बोटांची चिमूट व्हायची. मला वाटले खाज येते. सिस्टर बेबीनंदा म्हणाल्या, "बाबा, तुम्ही आल्यावरच हात हलून राह्यला तिचा. नवरा आला तरी हलत न्हाई. लई लाडकी दिसती सासऱ्याची." तेव्हा मला उमगले की ती पदर शोधत होती. अंगात दवाखान्याचा झगा होता. झग्याला पदर नसतो.

मी लगेच नमनला फोन केला. तो म्हणाला, "बाबूजी, ते झटके असतात." तरी त्याने डॉक्टरांना विचारले. सकाळी स्वतः पाहतो, असे डॉक्टर म्हणाले.

फोन करून मी आत आलो तर तिचा हात पुन्हा मानेशी चाचपत होता. मला बघवेना. मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणालो, "एकता, बेटी, पदर राहू दे. आजारी माणसाला कसला पदर? मी तुझा बापच आहे." हात हळूहळू खाली गेला. ती थकली असेल असे मला वाटले. घरी जाऊन मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

सकाळी डॉक्टरांनी मला बाहेर पाठवून पुन्हा पुन्हा आत बोलावले. हात हलला नाही. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, आपल्या माणसाबद्दल असं वाटतंच." नमन माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "माझीच चूक झाली असेल." त्यानंतर नमनने सही करून तिला घरी आणले. घरी नळी निघाली. नमन म्हणाला, "आता परत टोचाटोची नको." नळी परत घातली नाही. चौथ्या दिवशी एकता वारली.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशीच्या शोकाच्या बैठकीला तिची बहीण चंचल टेंभुर्णीहून आली होती. ती रडत म्हणाली, "आमच्या एकताला मोठ्यांनी एकदा सांगितलं की बस, दुसऱ्यांदा सांगावं लागत नव्हतं." तेव्हा माझ्या ध्यानात आले की राहू दे असे मीच सांगितले होते, आणि तिने ते ऐकले. डॉक्टरांसमोरही ती तेच ऐकत होती. मी हे तिथेच चंचलला सांगितले. त्यावरून तिने नमनविरुद्ध अर्ज दिला आहे.

ठाण्यात येताना नमन म्हणाला, "बाबूजी, तिला काही समजत नव्हतं, एवढंच बोला. बाकी मी बघतो." नमन बायकोला वाईट वागवणारा नाही. डॉक्टरांनी जे दिसले तेच सांगितले. नमनला अटक होईल का, असे मी विचारले असता साहेबांनी आधी जबाब पुरा करा असे सांगितले.

तिच्या उशाशी बसून आम्ही घरचे काय काय बोललो, ते मला आता आठवत राहते. नमनच्या पुढच्या संसाराचे बोलणेही तिथेच झाले. साहेबांनी त्याची गरज नाही म्हटल्याने ते सांगत नाही.

हवालदारांनी हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. त्यात "रुग्णास काही समजत नव्हते" असे एक वाक्य आले होते, ते मी काढायला लावले. त्या जागी "सून एकता हिने सासऱ्याचे ऐकले" असे लिहिले आहे. ते पुन्हा वाचून घेतले. बरोबर आहे. खाली सही करतो.

बालकिशन रामनिवास मुंदडा