अजगराची अंघोळ

नात टेगनचं पत्र डेस्मंडच्या खिशात महिनाभर पडून होतं. 'आजोबा, राहायला येऊ? पण माझा अजगरही सोबत असेल.' काय लिहावं हेच त्याला सुचेना. टाउन्सव्हिलच्या पोस्टात तो कोरं कार्ड घेऊन रांगेत उभा होता. पुढे दोघी बोलत होत्या. एकीच्या हातातला उशीचा अभ्रा वळवळत होता.

"कात अडकली का गं त्याची?"

"हो ना. डॉक्टर म्हणाले, अंघोळ घाल."

"टब भरून?"

"छे! पाठ उघडी राहील इतकंच पाणी, मनगटाला जेमतेम कोमट. साबण नाही. आणि शेजारून हलायचं नाही, भेदरतो बिचारा."

"अजगर भेदरतो?"

"नवऱ्याइतका नाही. तो स्टुलावर चढतो!"

डेस्मंडने कार्डावर लिहिलं, 'ये. टब घासून ठेवतो. शेजारी मी बसेन.'

आणि कार्ड पेटीत टाकलं.