दुसऱ्या मजल्यावरची खुर्ची

...अहो, नाही ओढत मी! विडी नाही, सिगारेट नाही... थांबा, दम घेऊ द्या... हं! तुम्हाला सांगतो, छातीवर हात ठेवला रे ठेवला की जग विचारतं, "दिवसाला किती?" अरे, गादीच्या कारखान्यात कापूस पिंजण्यात जन्म गेला, तो कापूस काय कानानं आत जातो? शेजारच्या यंत्रावरचा जाड्या एकदा जरा लांबलचक खोकला, तर मुकादम म्हणाला, "बाबा रे, तू घरी आराम कर." अजून आरामच करतोय! त्याचा पेलासुद्धा फेकला, जसा काही दमा पेल्यातून उडी मारतो!

आणि हा मुकादम राहतो कुठं? आमच्याच जिन्यात, तळमजल्याला, दार सताड उघडं! मी तिसऱ्यावर. म्हणजे धापा टाकायचीसुद्धा चोरी. दुसऱ्या मजल्यावर माझा भाता... थांबा, दम घेऊ द्या... भाता बंद पडतो. मग मी कधी चपलेचा अंगठा न्याहाळतो, कधी फोन कानाला लावून नुसतं "हं... हं..." करतो. आता तिथंच त्या शिलाईवाल्या बाईंचं दार, त्याला मी काय करू?

झालं! जिनाभर बोभाटा, "रोज तिच्या दारात उभा असतो... घामाघूम! फोनवर कुजबुजतो!" एके दिवशी वर पोचतो तर बायको दारात, कमरेवर हात. "कोण लागते ती तुमची?" अहो, जिना चढून आलेल्या माणसाला 'अगं' तरी म्हणता येतं का? मी आपला माशासारखा तोंड उघडतोय, मिटतोय... "बघा! वाचाच बसली!" आणि लागली की रडायला!

दम परत आल्यावर सगळं सांगितलं. लपवलेला दम्याचा पंप दाखवला. तिनं माझ्या छातीला कान लावला, आतली शिट्टी ऐकली... बराच वेळ ऐकली. मग डोळे पुसून म्हणाली, "हे कुणापाशी बोलू नका. मुकादमाला कळलं तर चूल विझेल. त्यापेक्षा लफडंच राहू दे. लफड्यापायी कुणाला घरी बसवत नाहीत."

आता मुकादम डोळा मारतो, "काय, अजून तरुण आहेस की!" शिलाईवाल्या बाईंनी तर एका शब्दानं न विचारता दाराबाहेर खुर्ची ठेवली. आणि तुम्हाला सांगतो, काल बायकोनं स्वतः त्या खुर्चीवर उशी आणून घातली. म्हणाली, "बसत जा चांगलं निवांत. लवकर वर आलात तर लोकांना संशय येईल."

बसतो बापडा... थांबा, दम घेऊ द्या.