आक्काबाईंच्या हंड्याचा पोचा

(चाकणजवळ, आक्काबाईंची ओसरी. त्यांच्या आवारातल्या शेडमध्ये काल आग लागली होती. तिथं वर्कशॉप चालवणारा भाडेकरू नवाब हाताला पट्टी बांधून आलाय.)

आक्काबाई : शेड खाली करायला मीच सांगितलंय. ह्यांच्या पाया पडून उपेग न्हाई.

नवाब : अर्जुनरावांकडे नाही आलो, आक्का. तुमच्याकडे आलोय.

आक्काबाई : कशाला? साऱ्या आळीसमोर ढकललंस मला. कांद्याच्या पोत्यांवर उताणी पडले. वर हंड्याला लाथ घातलीस. आगीवर पानी आणलं हुतं मी, रॉकेल न्हाई.

नवाब : त्या आगीला पाणी म्हणजे रॉकेलच.

आक्काबाई : येडी समजतोस व्हय मला?

नवाब : ऐका तर. पिंपात मशीनवर निघालेला किस होता ना, तो लोखंडाचा नव्हता. मॅग्नेशियमचा होता. दिसायला चांदी, हातात घेतला तर एकदम हलका. गाड्यांचे पार्ट करतो आपण त्याचे.

आक्काबाई : धातू कुटं पेटतो? आमचा कोयता कदी चुलीत पेटला न्हाई.

नवाब : ह्याचाही जाड तुकडा सहजी पेटत नाही. बारीक किसाला मात्र ठिणगी पुरते. आणि पेटल्यावर पाणी पडलं, की तो पाणीच फोडतो. त्यातला ऑक्सिजन स्वतः घेतो, उरलेला गॅस भडकतो.

आक्काबाई : कायबी सांगतोस.

नवाब : हंडा उडाला तेव्हा थोडं पाणी पिंपात सांडलंच होतं. काय झालं?

आक्काबाई : ...पांढरा लोळ उठला. पार पत्र्याला टेकला.

नवाब : ते ओंजळभर पाणी होतं, आक्का. तुम्ही अख्खा हंडा ओतायला निघाला होतात. पिंपावर वाकून.

आक्काबाई : मग इझली कशानं?

नवाब : तुमच्या ओट्याच्या कामाची वाळू होती ना ताडपत्रीखाली, कोरडी? तीच लोटली.

आक्काबाई : त्यातच हात भाजला व्हय?

नवाब : हाताचं सोडा. शेड मागायलाही नाही आलो. काल सगळे पळाले. माझा ऑपरेटर सनीपण पळाला. तुम्ही एकट्या आगीकडे धावलात. भाडेकरूसाठी कोण येतं असं? रात्रभर तेच डोळ्यांपुढे होतं. तुमचे आभार मानायचे राहिले होते.

आक्काबाई : आन् म्या रातभर तुला शिव्या घातल्या. तू ढकललं नसतंस तर आज ह्याच ओसरीवर लोक मला बघाया आलं असतं. लई उपकार झालं, लेकरा. बस. च्या टाकते. शेडचं मी ह्यांना सांगते, तू कुटं जाऊ नगंस.

नवाब : मग आजच वाळूच्या बादल्या दारात भरून ठेवतो. आणि तो हंडा द्या, पोचा काढून आणतो.

आक्काबाई : वाळू ठिव. हंडा ऱ्हाऊ दे.

नवाब : तांब्याचा आहे, लगेच निघेल.

आक्काबाई : निघंल रं. पर कुणी इचारलं, कशानं पडला, तर तुझं नाव सांगाया पोचा पायजे ना.