खिडकीतून परत आत गेलेले किशनमामा

मामी, घरची मंडळी, आन इथं जमलेल्या माझ्या भावांनो, बहिणींनो,

मी युसूफ. किशनराव सोनकांबळे ज्या आगीच्या बंबावर होते, त्या बंबाचा मी ड्रायव्हर. माइकवर बोलायची मला सवय न्हाई. कुठं अडखळलो, तर सांभाळून घ्या.

किशनमामा मूळचे नायगावकडचे. सारी नोकरी नांदेडच्या अग्निशमन दलात केली. रिटायर होऊन थोडीच वर्षं झाली होती. परवा सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली, आन गेले. आगीनं ज्याला कधी नेलं न्हाई, तो माणूस असा खुर्चीत बसल्या बसल्या जातो? मला अजून पटून न्हाई राहिलं.

एकच गोष्ट सांगतो. माझ्या डोळ्यांनी बघितलेली.

जुन्या नांदेडात एका कापडाच्या दुकानाला भरदुपारी आग लागली. गल्ली एवढी अरुंद, की बंब तोंडाशीच अडला. खाली दुकान, वर घर. जिना पेटलेला. वर एक आजी, लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. खाली तिचा मुलगा ओरडून राहिला होता, "माझी माय वर हाय!"

आम्ही शिडी खांद्यावर घेऊन पळालो. मामा चढले, खिडकीतून आत गेले. मी मागोमाग शिडीवर. धुरातून मामा आजीला उचलून घेऊन आले, चादरीनं माझ्या पाठीला बांधलं.

"युसूफ, उतर."

"आन तुम्ही?"

"शिडीला तिघांचं वजन पेलायचं न्हाई. मी थांबतो. तू उतर आधी!"

उतरलो. आजीला खाली ठेवलं. वर बघितलं, तर खिडकीत मामा न्हाईत.

हाका मारल्या. मामा! मामा! नुसता काळा धूर. तेवढ्यात आजी जड जिभेनं बोलली, "सगुणा... सगुणा आत हाय."

सगुणाबाई म्हणजे आजीची सेवा करणारी बाई. ती घरात असंल, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत न्हवतं.

मी परत शिडी चढलो. अर्ध्यात पोचलो, तर खिडकीत एक हात दिसला. मग मामा दिसले. सगुणाबाईला कवेत धरलेलं. तिच्या डोक्यावर मामांचं हेल्मेट. मामांच्या भुवया जळालेल्या. आन मला काय म्हणाले? "हळू घे. पाय भाजलाय तिचा."

त्या सगुणाबाई आज इथं आल्यात. मामीच्या शेजारी बसल्यात.

नंतर मी विचारलं, "मामा, परत आत जाताना भीती वाटली न्हाई का?"

म्हणाले, "वाटली की. लई वाटली. पण आत कुणीतरी खोकलं ना रे."

बस. एवढंच. आत कुणीतरी खोकलं. मीही त्याच खिडकीशी होतो, माझ्या कानावर तो खोकला आला न्हाई. तुम्हीच सांगा, कशाचा बनलेला असंल तो माणूस? इतकी वर्षं त्यांच्या बाजूला बसून बंब चालवला, मला अजून उलगडलं न्हाई.

आमचे बरेच जण आज आले न्हाईत. ड्युटीवर हायत. मामा असते तर तेच म्हणाले असते, ठेशन रिकामं ठेवायचं न्हाई.

आता आपण सगळे उभं राहू. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. तेवढ्यात आमच्यापैकी कुणाचा फोन वाजला आन आम्ही पळत सुटलो, तर मामी, राग मानू नका.

मामा, जय भीम. तुमच्या युसूफचा सलाम.