निकालाची मागची बाजू

बसा मंडळी, बसा. मागं उभं राहून मान कशाला दुखवता, पुढं सतरंजी रिकामी आहे. आख्यानाला लागण्याआधी एक प्रश्न विचारतो. देवाच्या दारात बसलाय, उत्तर खरं द्या. एका लेकराला आकडे येतात, दुसऱ्याला लिहिलेलं समजतं. शहाणं कुणाला म्हणायचं?

काय म्हणालात काका? आकडेवाल्याला? वा! विचार करायलासुद्धा थांबला नाहीत. टाळकरी हसतायत. हसा, तुमच्यावरही येतोय मी. आता ऐका.

एक गाव होतं. नाव नाही सांगत. सांगितलं तर ते पुढच्या सप्ताहाला मला बोलवायचे नाहीत, आणि तिथला आमटी-भात फार चांगला असतो. त्या गावात रंगनाथशेठ दळवी नावाचे गृहस्थ. आरा गिरणीचे मालक. ओंडका ट्रॅक्टरवरून उतरायच्या आत नुसता बघून सांगणार, "साडेअठरा घनफूट." टेप लावा, साडेअठराच! माणूस सरळ, कष्टाळू. खोड एकच — लाकडासारखी माणसंही मोजायचे. आणि माणसाचं फक्त गणित मोजायचे.

शेठना जुळी लेकरं. हर्षद आणि शर्वरी. घरी पाहुणा आला की पोह्यांची बशी त्याच्यापुढं यायची, आणि शेठ म्हणायचे, "जरा थांबा. हर्षद, एकोणतीसचा पाढा म्हण." पोरगा म्हणायचा, एक चूक नाही. तोवर पाहुण्याचे पोहे गार. मग पाणी घेऊन शर्वरी यायची. पाहुणा बिचारा रीत म्हणून विचारायचा, "हिला काय येतं?" शेठ म्हणायचे, "ही... वाचते." 'हिला दमा आहे' असं ज्या सुरात सांगतात ना, अगदी त्या सुरात!

वाचायची खरीच. भज्यांचा तेलकट कागद उलगडून वाचायची. औषधाच्या खोक्यातली ती बारीक अक्षरांची घडी असते — कुणी वाचलीय का इथं? हात वर करा. एकही नाही. तिनं वाचली आणि आईला म्हणाली, "आई, ही गोळी जेवणानंतर घ्यायची. तू उपाशीपोटी घेतेस." आईची चार महिन्यांची जळजळ थांबली. शेठ म्हणाले, हवा बदलली म्हणून थांबली असेल.

बारावी झाली. दोघं शहरातल्या एका मोठ्या कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसली. दोन पेपर. गणित शंभराचं, वाचन शंभराचं. वाचन म्हणजे काय, तर एक उतारा देतात आणि विचारतात, लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय? शेठ म्हणाले, "मग लिहिणाऱ्यालाच विचारा की. आमच्या पोराला कशाला त्रास?"

निकाल आला. हर्षदला गणितात चौऱ्याऐंशी, वाचनात एकतीस. शर्वरीला गणितात एकाहत्तर, वाचनात ब्याण्णव. शेठनी दोघांचं गणित तेवढं पाहिलं. चौऱ्याऐंशीतून एकाहत्तर गेले, तेरा उरले. झाला फैसला! पोरगा तेरानं हुशार. वाचनाच्या रकान्याकडं कोण बघतो?

शर्वरी म्हणाली, "बाबा, कागदाच्या मागं लिहिलंय. दोन्ही पेपरांत कमीत कमी पस्तीस पाहिजेत, नाहीतर प्रवेश नाही. हर्षदला वाचनात एकतीस आहेत."

"मागं जाहिराती असतात. भावावर जळू नको."

"आणि मी त्यात बसतेय. तुमच्या सहीचं संमतीपत्र सोमवारी पाचच्या आत पाठवलं तर माझी जागा पक्की."

शेठ म्हणाले, "एकाहत्तरवालीला शहर कशाला? इथलं तालुक्याचं कॉलेज काय वाईट आहे?"

हर्षद तिथंच उभा होता. त्याला उतारा कळत नव्हता, पण बहीण खोटं बोलत नाही एवढं कळत होतं. तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात शेठनी त्याला पेढा भरवला. पेढ्यानं तोंड बंद करायची आपली जुनीच पद्धत आहे.

पोर गिरणीत गेली आणि भुश्याच्या पोत्यांमागं बसून रडली. मंडळी, मी दोन मुलींचा बाप आहे. हे सांगताना मला राग येतो, तो मी लपवत नाही.

माझीच जोडलेली एक ओळ म्हणतो. संतांची नाही हं, संतांच्या नावावर स्वतःचा माल खपवणारे बुवा वेगळे.

*आकड्यांचा माथी भार,*
*अर्थ उभा दाराबाहेर.*

धरा, टाळ धरा जरा... पुरे. पखवाजवाले, एवढ्यात रंगात येऊ नका, सोमवार यायचाय.

सोमवार आला. त्याच दिवशी हर्षदचा सत्कार! चौकात वीस फुटी फ्लेक्स. पोराचा फोटो, शेजारी चौऱ्याऐंशीचा आकडा पोराच्या डोक्याएवढा. एकतीस कुठं? कुठंच नाही. मंडप, बँड, सरपंचांचं भाषण. सरपंच म्हणाले, "या मुलानं गावाचं नाव शहरात पोचवलं." पोचवलं होतं खरं, नापासांच्या यादीत!

दुपारचे चार वाजले. शेठ शाल पांघरून व्यासपीठावर. शर्वरी कागद आणि पेन घेऊन पायऱ्या चढली. बँड कानाशी वाजतोय.

"बाबा, माझ्या प्रवेशाचं संमतीपत्र आहे. सही पाहिजे."

"आत्ता?"

"पाचला मुदत संपते. वाचून करा."

शेठ म्हणाले, "वाचायला वेळ कुणाला आहे? कुठं करायची ते दाखव." तिनं बोट ठेवलं, शेठनी सही ठोकली आणि पुढचा हार गळ्यात घ्यायला मान वाकवली. पोरीनं फसवलं नाही मंडळी. काय आहे ते सांगितलं, वाचा म्हणाली. पावणेपाचला कॉम्प्युटर सेंटरवरून कागद गेला.

आठ दिवसांनी शेठ हर्षदला घेऊन कॉलेजात. खिडकीतल्या बाईंनी नाव टाकलं आणि म्हणाल्या, "यांचा प्रवेश होणार नाही. वाचनात पस्तीस नाहीत."

"अहो, गणितात चौऱ्याऐंशी आहेत!"

"हो. पण एका पेपरचे मार्क दुसऱ्यात चालत नाहीत. निकालाच्या मागं लिहिलंय."

शेठ खिडकीपासून हलेनात. बाई म्हणाल्या, "दळवी आडनावाची एक जागा पक्की आहे. शर्वरी रंगनाथ. ही सही तुमचीच ना?"

शेठनी तो कागद हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. वाचून बाकावर बसले. हर्षद म्हणाला, "बाबा, तिनं सांगितलं होतं. मलाही माहीत होतं. पुढच्या वर्षी मी परत बसतो, वाचन ती शिकवेल."

घरी आले. शेठ पोरीला म्हणाले, "चुकलो गं." तिनं विचारलं, "बाबा, मला गणितात किती पडले?"

"एकाहत्तर."

"आणि वाचनात?"

शेठना सांगता येईना. कागद घरात दोन आठवडे होता, मंडळी! पोर उठली. आत जाऊन बॅग भरायला लागली.

मी गणिताला नावं ठेवत नाही. ते नसतं तर शेठची गिरणी चालली नसती. पण गणिताशी गणित ताडून पाहिलंत आणि वाचन सोडून दिलंत, तर तुम्ही पोरगं अर्धंच पाहिलंत. आणि पोर वाचणारी असेल तर पाहिलीच नाहीत!

शेठला हसलात ना पोटभर? आता पुढच्या रांगेतून सुरू करतो. काका, तुमच्या नातीला गणितात किती? अठ्ठ्याहत्तर. वा, पाठ आहे. वाचनात किती? खाली काय बघता? तुम्ही, टोपीवाले? तुम्ही ताई? कुणालाच पाठ नाही.

मग गजर आत्ता नाही. टाळ खाली ठेवा. फोन आहेत ना सगळ्यांच्या खिशात? लावा घरी, पोरीला विचारा. ती म्हणेल, आज कसं काय विचारताय? तर खोटं बोलू नका. सांगा — बुवांनी भर मंडपात विचारलं, आणि मला सांगता आलं नाही.