सुधाची शिकवणी

अहो, आमची सुधा अडीच वर्षांची झाली तरी चड्डीतच करायची. ह्यांना तारापूरला नोकरी लागली, म्हणून आम्ही नुकतेच बोईसरला आलो होतो, विचारणार कुणाला? मुंबईहून बालसंगोपनाचं पुस्तक मागवलं. त्यात सांगितल्याप्रमाणे रोज भांड्यावर बसवलं, तर ती उठून पळायची. मी अगदी रडकुंडीला आले.

दारावर मासळी घेऊन येणारी जानकी म्हणाली, "बाय, पोर पुस्तकानं नाय शिकत. दुसऱ्या पोराला बगून शिकते."

दुसऱ्या दिवशी ती आपल्या तीन वर्षांच्या नातीला घेऊन आली. दोघी पोरी परसात शेजारी शेजारी बसल्या, गप्पा मारत. थोड्या वेळानं सुधा ओरडली, "आई, झालं!"

आनंदाच्या भरात मी शेजारच्या काकूंनाही हाक मारली. काकूंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "पेढे कधी?"